साडीगार्ड लावलेली राजदूत



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, बचत गटाच्या कार्यक्रमात मोटारसायकल कशाला आणली? पण आमच्या ग्रामसंघाच्या दोन मासिक बैठका या एका गाडीनं खाल्ल्या. बारा वर्षं गोठ्यात पडलेली, कोंबड्या बसून बसून पांढरी झालेली गाडी. ती भंगारात घालायची की अंतर्गत कर्ज काढून दुरुस्त करायची, यावर एवढा वाद झाला की त्या नादात आम्ही तिचा सगळा इतिहासच शोधून काढला. तो इतिहास आमच्या कोल्हापूर भागापासून पार पोलंडपर्यंत जातो. म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

गाडी राजदूत. चाळिशीच्या पुढच्या बायकांना वेगळं सांगायला नको. गोल फुगीर टाकी, फटफट आवाज, मागं निळसर धूर आणि दोन्ही अंगाला लटकवलेले दुधाचे कॅन. गावात पहाटे कोंबडा आधी ओरडला की राजदूत, हे सांगणं कठीण व्हायचं.

नाव आपलं असलं तरी गाडीचा नकाशा परका होता. पोलंड नावाचा युरोपात देश आहे, तिथल्या किएल्त्से शहरात एसएचएल नावाचा कारखाना होता. त्यांच्या एम-११ या गाडीवरून साठच्या दशकाच्या सुरुवातीला एस्कॉर्ट्स कंपनीनं हरियाणातल्या फरिदाबादला राजदूत काढायला घेतली. तेव्हा परदेशी गाड्या सरसकट आणायला बंदी होती आणि इथल्या कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हेही सरकारी परवान्यावर ठरायचं. त्यामुळे परदेशी कंपनीचा नकाशा घ्यायचा आणि गाडी इथं बनवायची, हीच वाट होती. बुलेट इंग्लंडची, ती १९५५ पासून मद्रासला जुळू लागली. जावा चेकोस्लोव्हाकियाची, ती १९६१ पासून म्हैसूरला; तीच पुढं येझदी झाली. या दोघींपुढं राजदूत लहान. बुलेटचं इंजिन ३५० सीसी, जावाचं २५०, राजदूतचं १७५ म्हणायचे, मोजलं तर १७३. पण किंमत कमी, पेट्रोल कमी आणि हाड मजबूत. म्हणून बुलेट फौजदाराकडं गेली आणि राजदूत गवळ्याकडं.

पोलंडचं नाव निघालं म्हणून एक आडवाटेची गोष्ट सांगतो. आपण लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातो ना, तिथं वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षं सुमारे पाच हजार माणसं तिथं राहिली, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं. रशियानं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे ती इथवर आली. त्यांच्यामागून फाळणीतले सिंधी लोक त्याच बराकींत आले आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. राजदूतचा आणि त्या छावणीचा काही संबंध नाही. पण ज्या देशाच्या लेकीबाळी आपल्या पंचगंगेच्या पाण्यावर राहून गेल्या, त्याच देशाची गाडी पंधरा-वीस वर्षांनी आपल्या गोठ्यात आली, हे ऐकून बैठकीत बायका गप्प झाल्या होत्या. एका आजीनं लहानपणी त्या गोऱ्या बायका कोल्हापूरच्या बाजारात भाजी घेताना पाहिल्याचं तिच्या आईकडून ऐकलं होतं.

आता गाडी गावात आली कशी? एक कारण दूध. आपल्या जिल्ह्याचा दूध संघ १९६३ मध्ये स्थापन झाला, देशात १९७० पासून दुधाचा महापूर योजना सुरू झाली. गावोगाव संस्था निघाल्या, पण वाडीवस्तीवरचं दूध संस्थेपर्यंत न्यायला सायकल पुरेना. राजदूतच्या मागच्या चाकावर लोखंडी घोडी बसवून दोन्हीकडं कॅन अडकवले की झालं. दुसरं कारण सिनेमा. १९७३ साली 'बॉबी' आला, त्यातली छोटी राजदूत पोरांच्या डोक्यात बसली आणि त्या गाडीला लोक 'बॉबी'च म्हणू लागले.

तिसरं कारण आपल्याला बोचणारं आहे. राजदूत लग्नाच्या यादीत आली.

याद्या कशा होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन्हीकडची चार-चार माणसं पाटावर बसतात, हळदकुंकू लावलेला कागद, वर श्री, आणि खाली कुणी काय द्यायचं. पूर्वी सायकल, घड्याळ, रेडिओ लिहायचे. सत्तरच्या दशकात त्या जागी मोटारसायकल लिहिली जाऊ लागली. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे राजदूत आणि तो कायदा जवळजवळ एकाच वयाचे. गाडी गावोगाव फिरली, कायदा मात्र कागदावरच बसून राहिला.

आमच्या गटातल्या मावशींच्या घरची गाडी १९७९ ची. मावशींचे यजमान वारले त्याला बारा वर्षं झाली, गाडी तेव्हापासून बंद. भंगारवाला दारात आला, किलोवर भाव सांगितला आणि पुतण्यानं परस्पर हो म्हटलं. "चुलत्याची गाडी हाय, घरातली हाय, मी बगतो," असं त्याचं म्हणणं. मावशी बैठकीत फक्त एवढंच म्हणाल्या, "माझ्या बापानं दोन म्हशी इकल्या हुत्या त्या गाडीपायी."

मग ट्रंक उघडली. यादीचा कागद सापडला, घडीवर फाटलेला, पण अक्षर स्पष्ट. मुलीकडून द्यायच्या वस्तूंत चौथ्या ओळीला 'राजदूत मोटारसायकल एक'. आणि आर.सी. बुकावर नाव नवऱ्याचं. म्हशी विकल्या बापानं, गाडीवर नाव जावयाचं, पहाटे चारला उठून दूध काढायची बायको, आणि संस्थेत सभासद पुन्हा नवराच. एका गाडीच्या कागदांत अख्ख्या घराचा हिशेब उतरलेला होता.

कायदा काय म्हणतो ते आम्ही वाचून दाखवलं. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हाच. पण जे घेतलं गेलं ते त्या बाईचं आहे, ज्यानं घेतलं त्यानं ते तिला दिलं पाहिजे, असं त्याच कायद्याचं कलम ६ सांगतं. शिवाय नवरा मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं त्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. ही माणसं असताना पुतण्या त्यात कुठंच बसत नाही. एवढं ऐकल्यावर पुतण्यानं भंगारवाल्याला पुन्हा फोन केला नाही. भांडण झालं नाही, पण त्यानं आठवडाभर कुणाशी बोलणंही टाळलं, हेही सांगायला हवं.

आता त्या गाडीवर बाईचं म्हणून काय होतं, तर एक साडीगार्ड. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला जाळी असते ती. पदर किंवा निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे: दुचाकीवर मागं बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं साधन हवंच. पोलंडच्या नकाशात नऊवारीचा विचार असण्याचं काही कारण नव्हतं. तो आपल्याकडं जोडला गेला. नियम चांगलाच आहे, त्यानं कितीतरी जीव वाचले असतील. तरी मनात येतं, की आख्ख्या गाडीत बाईचा विचार झाला तो मागं एका बाजूला पाय सोडून बसणारी म्हणूनच.

बैठकीत ठराव झाला. गाडी दुरुस्त करायची, मावशींच्या नावावर करायची, आणि चालवायची त्यांच्या सुनेनं. वस्तीवरचं पाच घरांचं दूध ती संस्थेत पोचवणार आणि त्यातून हप्ता फेडणार. दोघीजणी शेवटपर्यंत विरोधात होत्या. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता: एवढ्या पैशांत जुनी स्कूटी आली असती. पण जुन्या स्कूटीवर ऐंशी किलोचे कॅन लादता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मावशींना तीच गाडी हवी होती. गटानं नेहमी फक्त नफ्याचाच हिशेब करावा असं आम्हाला वाटत नाही.

उद्यमनगरातले एक वयस्कर मिस्त्री तयार झाले. त्यांनी पहिली तंबी दिली ती लक्षात ठेवा, कुणाच्या घरी अशी गाडी असेल तर उपयोगी पडेल. बंद पडलेल्या गाडीला उत्साहानं किक मारायची नाही. पिस्टन आत गंजून चिकटलेला असतो. जोर लावला की रिंग तुटते आणि सिलेंडरवर ओरखडा उठतो. त्यांनी प्लग काढला, त्या भोकातून थोडं डिझेल ओतलं आणि गाडी चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू मागंपुढं हलवलं. आधी काहीच नाही, मग सूतभर सरकलं, मग कट्ट आवाज आला आणि चाक फिरलं. सून तिथंच उभी होती, तिच्या हाताला डिझेल लागलेलं तसंच.

राजदूतचं इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे त्यात झडपा नाहीत, झडपा उघडझाप करणारा दांडा नाही. पिस्टन वरखाली होतानाच भिंतीतली भोकं उघडतो आणि झाकतो, त्यातून पेट्रोलची वाफ आत आणि धूर बाहेर. इंजिनाच्या त्या भागाला वेगळं तेल नसतं, म्हणून पेट्रोलमध्येच लिटरला चाळीस-पन्नास मिलीलिटर ऑइल मिसळावं लागतं. तेच जळतं आणि निळा धूर होतो. यंत्र इतकं साधं म्हणून झाडाखाली बसून दोन पान्यांनी ते उघडता यायचं. आजच्या गाडीला संगणक लावल्याशिवाय दुखणं कळत नाही. साधेपणाची किंमत मात्र धूर आणि जास्तीचं पेट्रोल अशी होती. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या आल्या. १९८५ च्या सुमारास हिरो होंडाची फोर-स्ट्रोक गाडी आली, ती थोड्या पेट्रोलवर खूप चालायची. त्यानंतर राजदूत शहरातून हटली. खेड्यात ती टिकली, कारण वजन ओढायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पुढं धुराचे नियम कडक होत गेले आणि २००५ च्या आसपास ती निघायचीच बंद झाली.

इंजिन उघडल्यावर सिलेंडरला चर दिसले. लेथवर नेऊन बोअर करून घेतलं, म्हणजे भोक किंचित मोठं करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवला. राजदूतचे पिस्टन-रिंग अजून मिळतात, जुन्या बाजारात फिरावं लागतं एवढंच. मिस्त्री सगळ्यात जास्त बोलले ते ऑइल सीलबद्दल. इंजिनाच्या दोन्ही अंगाला रबरी कडी असतात. गाडी उभी राहिली की ती वाळून कडक होतात. मग एका बाजूनं हवा ओढली जाते आणि गाडी आपोआप रेस होते, किंवा दुसऱ्या बाजूनं गिअरचं ऑइल आत येतं आणि पांढरा धूर निघतो. लोक कार्बोरेटर खोलून खोलून थकतात आणि दुखणं असतं या कड्यांत. स्वस्तातली वस्तू, पण ती बदलायला इंजिन पूर्ण उतरवावं लागतं, म्हणून मजुरी वाचवायला बरेच मिस्त्री ते टाळतात. काम करून घेताना हे आठवणीनं विचारा.

टाकीत गंज होता. त्यात मूठभर बारीक खडी आणि पाणी घालून दोघी पोरींनी ती आळीपाळीनं हलवली, लाल पाणी येणं थांबेपर्यंत. जवळजवळ एक दुपार गेली. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, ते सगळंच नवं. टायर वरून बरे दिसत होते पण भेगाळलेले, तेही नवे. ब्रेकचे लाइनर, केबली, साखळी बदलली. पॉइंटला बारीक पॉलिश पेपर मारला, कंडेन्सर नवा टाकला. सायलेन्सर काजळीनं इतका भरला होता की त्यात काडी जाईना. तो काढून भट्टीत तापवून झटकला.

पेट्रोलबद्दलही एक सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं बरंच आपल्याच उसापासून झालेलं, म्हणून आपल्याला त्याचं कौतुक. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून नळी आणि गॅस्केट नव्या दर्जाच्या घातल्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करायचं असं ठरवलं.

कागदांचं काम इंजिनापेक्षा अवघड निघालं. आर.सी. बुकाचं शेवटचं नूतनीकरण २०१४ पर्यंतचं. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी आपोआप भंगार होते, ही गावातली समजूत आपल्याकडं बरोबर नाही. गाडी तपासणीत पास झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, त्यासाठी नमुना २५ भरायचा. पर्यावरण कर आणि उशिराचं शुल्क किती होतं ते अर्जाआधीच विचारून घ्यावं, कारण हे आकडे बदलत असतात. मालक वारला असेल तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्यानं तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून नावावर करून घ्यायची. बारा वर्षांचा उशीर झाल्यावर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्रं असं सगळं लागलं. मावशींची लेक सासरहून दोनदा सही करायला आली. गाडीचा नंबर १९८९ च्या आधीचा, 'एमएच'च्या मागं जिल्ह्याचा आकडा नसलेला, जुन्या तीन अक्षरांचा. तो संगणकात नव्हताच. जुन्या हाती लिहिलेल्या रजिस्टरमधून नोंद काढायला तीन खेपा झाल्या. तपासणीला गाडी चालवत नेता येत नाही, कारण नोंदणी नाही. म्हणून टेम्पोत घालून नेली. हे भाडं आम्ही अंदाजात धरलेलंच होतं.

एकानं सुचवलं की 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा, मान मिळतो. तो नियम २०२१ चा, आणि पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. नव्या नोंदणीला शुल्क वीस हजार, आणि अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीलाच काढायची. शोकेसमध्ये ठेवणाऱ्यांसाठी तो ठीक आहे. मावशींच्या गाडीला पन्नास व्हायलाही अवकाश आहे आणि तिला रोज दूध न्यायचंय.

ज्यांना भंगारातच द्यायची आहे त्यांनी एवढं करा: दारावरच्या भंगारवाल्याला गाडी दिली तरी नोंदणी तुमच्याच घरच्या नावावर राहते. नंबर आणि चासी दुसऱ्या कुठल्या गाडीला लागली तर चौकशी तुमच्या दारात येईल. नोंदणी रद्द करून घ्या, नोंदणीकृत केंद्रात दिली तर दाखला मिळतो.

आर.सी. आता मावशींच्या नावानं आली आहे. सुनेचं शिकाऊ लायसन्स निघालं. ते गिअरच्या मोटारसायकलीचं काढावं लागतं, स्कूटीचं चालत नाही. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा, त्यासाठी ती शाळेच्या मैदानावर चुन्यानं आठचा आकडा आखून रोज संध्याकाळी फेऱ्या मारते. किक मात्र अजून जड जाते. मिस्त्रींनी शिकवलंय: आधी पायानं दाब कुठं लागतो ते बघायचं, मग सगळं अंग टाकायचं.

रंग देताना मिस्त्रींनी विचारलं, साडीगार्ड काढून टाकू का, हल्ली हौशी लोक काढतात, गाडी सुटसुटीत दिसते. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मागं मी बसणार हाय."

मागच्या दिव्याची लाल काच मात्र कुठं मिळालेली नाही. तूर्त दुसऱ्या गाडीची घासून बसवली आहे, ती पावसात पाणी धरते. कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात, जुन्या गॅरेजात राजदूतची मूळ काच पडून असेल तर आपल्या रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि रास्त पैसे देऊ.